घरच्यासारखी

अभिनंदन! मुलगी मिळाली म्हणे. वॉचमनच्या मेहुणीच्या गावची का असेना, मिळाली हे महत्त्वाचं. बायका ठेवायची सोय राहिलेली नाही हो. भांड्यांचे वेगळे, पोळ्यांचे वेगळे, वर रविवारची सुट्टी, आणि कोणत्या सोसायटीत काय भाव चाललाय ते दुपारपर्यंत सगळ्यांच्या मोबाइलवर. पोरीचं तसं नसतं. म्हणून चार गोष्टी सांगून ठेवते, अनुभवाच्या आहेत.

वय विचारू नका. विचारलं की उत्तर येतं, आणि मग ते माहीत असल्याचं पाप लागतं. लोकांनी विचारलं तर चौदा सांगायचं. चौदाच्या आतलं मूल घरकामाला ठेवायला १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे, आणि २०१६ च्या दुरुस्तीने तर त्या वयाच्या मुलाला कामाला ठेवणंच बंद केलं. तेव्हापासून घराघरांतल्या या मुली चौदा वर्षांच्याच असतात. आल्या तेव्हा चौदा, तीन दिवाळ्या होऊन गेल्या तरी चौदा. आधार कार्ड गावाला राहिलेलं असतं. राहू द्या.

कायदा इतका कडक म्हटल्यावर पोटात गोळा आला असेल. येऊ देऊ नका. त्याच दुरुस्तीत एक खिडकी उघडी ठेवलेली आहे. मुलाने शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत आपल्या कुटुंबाला मदत केली, धोक्याचं काम नसलं, तर चालतं. कुटुंब म्हणजे कोण, तेही मोजून दिलंय: आई, वडील, भाऊ, बहीण आणि आईवडिलांची भावंडं. म्हणजे मामा, मावशी, काका, आत्या. काकू नाही, मामी नाही, आजी तर नाहीच. इथे आपली गोची होते, कारण या पोरी सर्रास 'काकू' म्हणतात. पहिल्याच दिवशी ती सवय मोडा, 'मावशी' म्हणायला शिकवा. मावशी ऐकून म्हातारं वाटत असेल तर 'ताई'. बहीण यादीत आहे. आमच्या ह्यांना 'काका' म्हणतात, तो प्रश्न आपोआप सुटला. कोर्टात हे टिकणार नाही, पण कोर्टात जातंय कोण? लिफ्टमध्ये टिकलं की पुरे.

राहता राहिलं 'शाळा सुटल्यावर'. शिक्षणाचा हक्क १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येकाला. तो तिच्याकडे आहेच, आपण कुठे काढून घेतलाय? आणि जिची शाळा कायमचीच सुटली, तिचा सगळाच वेळ शाळा सुटल्यानंतरचा.

बोलताना शब्द जपून वापरा. ती 'कामाला' नसते, 'आपल्याकडे राहायला' असते. पगार म्हणायचं नाही, 'तिच्या वडिलांकडे काहीतरी पाठवतो' म्हणायचं. धपाटा घातला तर ते वळण. आणि सगळ्यात कामाचं म्हणजे 'घरच्यासारखी'. पोटच्या पोरीला कोणी घरच्यासारखी म्हणत नाही, हे लोकांच्या लक्षात यायला वेळ लागतो, तोवर विषय बदललेला असतो.

पैशाची काळजी फार नको. धरलंच कुणी तर सहा महिने ते दोन वर्षं कैद, किंवा वीस ते पन्नास हजार दंड, किंवा दोन्ही. आकडा ऐकून दचकू नका. शिवकाशीच्या काडेपेटी-फटाक्यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने १९९६ साली मालकांना दर मुलामागे वीस हजार भरायला सांगितले होते, मुलांच्या कल्याणनिधीत. २०१६ सालचा दंड सुरू होतो तोही वीस हजारांपासूनच. वीस वर्षांत तूरडाळ कुठून कुठे गेली! भाव न वाढलेली अशी दुसरी वस्तू दाखवा मला.

आता मुख्य गोष्ट, पाट. बाकी सगळे फ्रीजपासून मिक्सरपर्यंत दाखवत बसतात आणि ही साधी गोष्ट विसरतात. ओटा आपल्या उंचीचा असतो. दहा-अकराची पोर सिंकपाशी उभी राहिली की नळ हनुवटीशी येतो, कोपर वर करून घासावं लागतं, आणि पाणी कोपरावरून ओघळत काखेत जातं. संध्याकाळपर्यंत फ्रॉक एका बाजूने ओला. मग सर्दी, मग औषध, मग खर्च. म्हणून पाट द्यावा. स्टूल देऊ नये, साबणाच्या पाण्यावर सरकतं. मुलाची उंची आपण दर वाढदिवसाला दाराच्या चौकटीवर पेन्सिलने मांडतो. हिची मांडावी लागत नाही. पाट लागेनासा झाला की कळतं.

पाटाचे आणखी उपयोग आहेत. आमच्याकडे एका वर्षी अष्टमीला नऊ कुमारिका सांगितल्या होत्या आणि चौथ्या मजल्यावरच्या मुलीला ऐनवेळी ताप आला. आठांवर कसं भागणार? हिला हात धुवून बसवली, तिच्याच पाटावर. ताम्हनात पाय घेऊन धुतले. टाचा चिरलेल्या, भेगांत भांड्यांची राख. कुंकू लावलं, गजरा माळला, पुरण वाढलं. सगळ्यांना कंपासपेटी दिली तशी हिलाही दिली. भेदभाव नाही आमच्यात. तिने पेटी उघडून कर्कटकाचं टोक अंगठ्याला टोचून पाहिलं आणि विचारलं, "मावशी, हे कशाला असतं?" मी म्हटलं, आधी ताटं उचल. नऊ ताटं होती, एक तिचंच. कर्कटक वाया गेलं नाही, गॅसच्या बर्नरची भोकं त्याने छान मोकळी होतात.

कॉलेजात जाणारी एखादी पुतणी घरी येईल आणि तुम्हाला सुनावेल. २०११ च्या जनगणनेत पाच ते चौदा वयाची एक कोटीवर मुलं काम करताना सापडली, वगैरे. सापडली त्यांचं सापडलं. आपल्याकडे गणनेवाला आला होता तेव्हा 'सुट्टीला आलीय' म्हणून सांगितलं होतं, ती त्यात नाहीच. पुतणी तरी गप्प बसली नाही, तर हुकमाचा पत्ता काढा: "नाहीतर तिकडे काय केलं असतं तिने?" हे वाक्य आजवर वाया गेलेलं मी पाहिलेलं नाही. आईबापाबरोबर उसाच्या फडात गेली असती. कोपीत धाकट्याला सांभाळलं असतं, पाणी आणलं असतं, जरा हाडं धरली की मोळ्या वाहिल्या असत्या. तिकडे पहाटे तीनला उठावं लागतं, आपल्याकडे साडेपाचला. अडीच तास झोप जास्त. हे कुणी मोजत नाही.

तेरा-चौदाला गावाकडून निरोप येतो, स्थळ आलंय म्हणून. अडवू नका. एक साडी द्या, स्टीलचा डबा द्या, चार महिने सोसायटीत सांगायला होतं. आमची बाळी अशीच गेली. बाळी हे तिचं नाव नव्हे. नाव आमच्या धाकटीचं होतं तेच निघालं, घरात एका हाकेला दोघी धावायच्या, म्हणून बदललं. खरं नाव म्हणजे काय, धाकटीचंच की.

आता आम्हाला कोणी मिळत नाही. तुम्हाला पाट हवा असेल तर घेऊन जा. सागवानी आहे, चार पोरींनी वापरलाय, पण एक पाय हललेला नाही.