‘कोड वाचलाय का कधी, ताई?’ या कमेंटला उत्तर

नमस्कार सर,

फोनमधल्या ओपन सोर्स (म्हणजे ज्यांचा कोड कुणालाही बघता, वापरता येतो अशा) ॲप्सवरच्या माझ्या पोस्टखाली तुमची कमेंट आली ती मी आधी ऑफिसच्या बसमध्ये वाचली, चिडले, तिथेच उत्तर टाइप केलं, आणि नशीब माझं की नेट गेलं. घरी येऊन परत वाचली तर निम्मं तुमचं बरोबरच होतं. म्हणून दोन दिवस घेतले, आणि आता उत्तर एवढं लांबलंय की कमेंटमध्ये मावेना, वेगळंच टाकतेय.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. सरांनी बावीस वर्षं आयटीत काढलीयेत. त्यांचं म्हणणं, ओपन सोर्स म्हणजे सेफ हा निव्वळ भाबडेपणा आहे, ‘तुम्ही स्वतः एका तरी ॲपचा कोड वाचलाय का ताई?’, २०२४ चं एक्सझेड प्रकरण विसरलात का, आरोग्य सेतूचा कोड पण उघडा केला होता त्याने काय झालं, मुळात अँड्रॉइडच गूगलचं असताना वर कुठलीही ॲप्स टाका काय फरक पडतो, आणि शेवटी नेहमीचं, साध्या माणसाच्या फोनमध्ये लपवण्यासारखं असतं तरी काय.

तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही. पूर्ण कोड एकाही ॲपचा वाचलेला नाही. एकदा एका ॲपच्या फाइल्स अर्धा तास उघडून बसले होते, ते पण मराठी भाषांतर दुरुस्त करायला, कारण ‘बॅक’च्या बटणावर कुणीतरी ‘पाठ’ लिहिलं होतं. एवढाच माझा ओपन सोर्सचा अभ्यास म्हणा हवं तर. आणि पोस्टमध्ये मी जे लिहिलं होतं ना, ‘ओपन सोर्स आहे म्हणजे डोळे झाकून टाका’, ते वाक्य चूक होतं. मान्य. लिहिताना ओघात आलं आणि तसंच राहिलं.

पण कोड मी वाचत नाही म्हणून तो उघडा असण्याचा मला फायदा नाही, हे काही पटलं नाही. इथे एक्सझेडबद्दल बोलूच, कारण ते उदाहरण तुम्ही काढलंत ते बरं झालं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एक्सझेड हे फाइल्स कॉम्प्रेस करायचं एक छोटंसं टूल, जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये (विंडोजसारखीच, पण ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टिम) असतं. ‘जिया टॅन’ नावाच्या अकाउंटने दोनेक वर्षं गोडीगुलाबीने काम करून विश्वास मिळवला आणि मग त्यात चोरदरवाजा बसवला. २०२४ च्या मार्चच्या शेवटी आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला दिसलं की लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! आपण कुणी लक्ष दिलं असतं का? तो खोदत गेला आणि सापडलं. तोपर्यंत डेबियन आणि फेडोरा या लिनक्सच्या दोन प्रकारांच्या टेस्टिंगवाल्या आवृत्त्यांपर्यंत ते पोचलं होतं.

आता यावर ओपन सोर्सवाले छाती फुगवून म्हणतात बघा, कोड उघडा होता म्हणून सापडलं. मी ते म्हणणार नाहीये, कारण त्यातली खरी गोम वेगळीच आहे. चोरदरवाजाचा माल टेस्टच्या फाइल्समध्ये दडवलेला होता, आणि तो चालू करणारी स्क्रिप्ट सगळ्यांना दिसणाऱ्या गिटवरच्या (जिथे कोड ठेवतात ती जागा) कोडमध्ये नव्हतीच, ती फक्त रिलीज म्हणून दिलेल्या पॅकेजमध्ये होती. म्हणजे लोकांनी कोड अगदी डोळ्यात तेल घालून वाचला असता तरी तो तुकडा तिथे दिसला नसता. खानावळीचं स्वयंपाकघर काचेचं आहे हो, पण ताटात आलेली भाजी त्याच कढईतली कशावरून?

आणि आरोग्य सेतूचंही नेमकं हेच झालं, म्हणून तुमची दोन्ही उदाहरणं मला एकाच जागी नेऊन ठेवतात. ॲप आलं २ एप्रिल २०२०ला, अँड्रॉइडचा कोड उघडा केला २६ मेला, तोपर्यंत कोट्यवधी फोनमध्ये ते जाऊन बसलं होतं, आणि सर्व्हरच्या बाजूचा कोड तेव्हा दिलाच नव्हता. आपली माहिती जाते सर्व्हरवर. मग दाखवलेला कोड आणि प्रत्यक्ष चालणारा कोड एकच आहे हे ठरवायचं कुणी आणि कसं?

म्हणूनच मी एफ-ड्रॉइडचं एवढं कौतुक केलं होतं, ते पोस्टमध्ये नीट समजावून सांगितलं नाही ही माझी चूक. हे ॲप स्टोअर २०१० पासून आहे. डेव्हलपरने बनवून दिलेलं ॲप ते जसंच्या तसं ठेवत नाहीत, कोड घेऊन आपल्या सर्व्हरवर स्वतः बिल्ड करतात, म्हणजे त्यातून चालणारं ॲप तयार करतात. थोडक्यात, कोडमधून भाजी त्यांच्यासमोर शिजते. आता काही ॲप्सच्या बाबतीत त्याच्याही पुढे जाऊन त्यांचं बिल्ड आणि डेव्हलपरचं बिल्ड बिट न बिट जुळतंय का हे तपासतात, जुळलं तर डेव्हलपरच्याच डिजिटल सहीने ॲप देतात. जाहिराती, ट्रॅकिंग, बंदिस्त सर्व्हिसवर अवलंबून असणं असलं काही असेल तर ॲपच्या पानावर तसा शिक्का मारलेला असतो. याने सगळं सुटतं का? नाही. मग एफ-ड्रॉइडवर विश्वास ठेवावा लागतो. आणि तुमची ती तक्रार की तिथे अपडेट्स उशिरा येतात, ती शंभर टक्के खरी आहे. म्हणून ब्राउझर मी तिथून घेतच नाही, फायरफॉक्स सरळ प्ले स्टोअरवरून, कारण ब्राउझरमधलं भोक चार दिवस उघडं राहिलेलं मला चालणार नाही. पण गॅलरी चार दिवस उशिरा अपडेट झाली तर काय बिघडतंय?

कोड न वाचता मला काय मिळतं याचं माझ्याच फोनमधलं उदाहरण देते. माझ्याकडे सिंपल मोबाइल टूल्सची गॅलरी, कॅलेंडर, फाइल मॅनेजर अशी सगळी ॲप्स होती, साधी, विनाजाहिरात, छान. २०२३ च्या शेवटी मूळ डेव्हलपरने ती झिपोॲप्स नावाच्या कंपनीला विकून टाकली. विकायचा त्याला हक्क होता, मी काही त्याला शिव्या घालणार नाही, इतकी वर्षं केलं त्याने. पण विचार करा, ॲप माझ्या फोनमध्ये तेच, आयकॉन तोच, फक्त मालक बदलला, आणि पुढचं अपडेट नव्या मालकाचं. बंद कोडच्या ॲप्सच्या बाबतीत हे किती वेळा होत असेल आणि आपल्याला पत्ताही लागत नसेल. इथे मात्र बोंबाबोंब झाली, जे लोक त्या कोडवर आधीपासून काम करत होते त्यांनी तो उचलला आणि फॉसिफाय या नावाने नवीन संच सुरू केला. लायसन्सच तसं होतं, कुणी अडवू शकत नव्हतं. मी एका रविवारी जुनी ॲप्स काढली, फॉसिफायची टाकली, अर्ध्या तासात विषय संपला. २०२५ मध्ये ऑर्गॅनिक मॅप्सच्या (नेटशिवाय चालणारं नकाशाचं ॲप) मंडळींमध्ये कारभारावरून वाजलं, तिथूनही कोमॅप्स वेगळं निघालंच की.

मला तर ओपन सोर्सचा मोठा फायदा हाच वाटतो. सुरक्षित असण्याची गॅरंटी नाही, पण मालक फिरला तर कोड घेऊन बाहेर पडता येतं, आणि बाहेर पडणारे कुणीतरी असतात, मी नसले तरी.

आता गूगलचा मुद्दा. अँड्रॉइड गूगलचं आहे, त्यांची प्ले सर्व्हिसेस ही सोय सगळ्यात आत बसलेली आहे, हे सगळं खरं. त्यापासून सुटायचं तर ग्राफीनओएस (गूगलच्या सर्व्हिसेस आत न बसवलेलं अँड्रॉइड) वगैरे टाकावं लागतं, ते पुन्हा गूगलच्याच पिक्सेल फोनवर चालतं, आणि मग बँकेच्या ॲपने नखरे केले की काय करणार? मी ते केलेलं नाही. यूपीआयशिवाय माझा एक दिवस जात नाही, आमचा भाजीवाला सुटे पैसे बघून तोंड वाकडं करतो. पण म्हणून एकट्या गूगलला माहिती असणं, आणि गूगल प्लस कधी नाव न ऐकलेल्या दहा-वीस जाहिरात कंपन्यांना माहिती असणं, हे सारखंच कसं?

याचं एक उदाहरण घरातलंच आहे. आमच्या काकूच्या फोनवर (सांगलीला असते, वय ६८) गणपतीत गेले होते तेव्हा एक टॉर्चचं ॲप दिसलं. टॉर्च! वरून पडदा खाली ओढला की टॉर्च असतोच ना फोनमध्ये, पण कुणीतरी कधीतरी टाकून दिलं होतं. परमिशन उघडून बघितल्या तर लोकेशन आणि कॉन्टॅक्ट्स, दोन्ही ‘अलाऊड’. एक्सोडस म्हणून एक ओपन सोर्स ॲप आहे, फोनमधल्या ॲप्समध्ये कुठले कुठले ट्रॅकर (आपली माहिती बाहेर पाठवणारे तुकडे) आहेत ते दाखवतं, ते टाकून बघितलं तर त्या टॉर्चची यादी स्क्रीनवर मावेना. काकूला दाखवलं तर म्हणाली, ‘अगं मला काय लपवायचंय, माझ्या फोनमध्ये सत्यनारायणाचे फोटो आहेत.’ म्हणजे तुमचाच मुद्दा, सर!

मी तिला म्हटलं, काकू, तुझं नाही गं, माझं काय? तुझ्या कॉन्टॅक्ट्समध्ये माझा नंबर आहे, माझ्या नावापुढे तू ‘पुणे नवीन घर’ लिहिलंयस, सुनेच्या माहेरचे नंबर आहेत, डॉक्टरांच्या नावापुढे ‘शुगर’ लिहिलंय. टॉर्चला ‘अलाऊ’ तू दाबलंस, पण वही सगळ्यांची वाचायची सोय झाली. यावर ती जरा गप्प झाली, मग म्हणाली, काढ ते. म्हणून ‘मला काय लपवायचंय’ हे वाक्य मला पटत नाही, त्यातला ‘मला’च चुकीचा आहे.

त्या दिवशी काय काय केलं तर टॉर्च काढला, क्यूआर स्कॅनर काढला (कॅमेऱ्यातच असतो), जाहिरातीवाली गॅलरी काढून फॉसिफायची टाकली. त्या गॅलरीला इंटरनेटची परमिशनच नाहीये, आणि हे मला कोड वाचण्यापेक्षा जास्त मोलाचं वाटतं. अँड्रॉइडमध्ये इंटरनेटची परमिशन कुठलंही ॲप तुम्हाला न विचारता घेतं, कॅमेरा-लोकेशनसारखी खिडकी येत नाही. एफ-ड्रॉइडवर ॲपच्या पानावर परमिशनची यादी असते, त्यात इंटरनेट नसेल तर ते ॲप परस्पर सर्व्हरशी बोलणार कसं? पासवर्डसाठी कीपासडीएक्स आहे, त्यालाही इंटरनेट नाही. कोड न वाचणाऱ्या माझ्यासारखीने निदान एवढी यादी वाचावी.

आणि जिथे हरले तेही सांगते, नाहीतर म्हणाल सोयीचंच लिहिते. मी काकूचा कीबोर्ड पण बदलला. हेलीबोर्ड टाकला, त्यालाही इंटरनेट नाही, आणि आपण जे जे टाइप करतो ते सगळं कीबोर्डमधूनच जातं म्हटल्यावर मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला फोन, ‘अगं तो माइक कुठे गेला?’ ती टाइप करतच नाही! बोटं जाड, अक्षरं बारीक, म्हणून माइक दाबून मराठीत बोलते आणि मेसेज जातो. तिच्या बहिणींच्या ग्रुपवर ती रात्रभर गायब झाली होती तर तिकडे काळजी सुरू. गूगलइतकं चांगलं मराठी ऐकून लिहिणारं, सहज टाकता येईल असं ओपन सोर्समध्ये मला काही सापडलं नाही. नाष्टा व्हायच्या आत गूगलचा कीबोर्ड परत चालू केला. माझ्या फोनवर हेलीबोर्ड आहे, तिच्या फोनवर नाही, आणि मला त्यात काही विसंगती वाटत नाही.

व्हॉट्सॲपचं तुम्ही टोमण्यासारखं लिहिलंत, ‘स्वतः वापरताच ना’. वापरते. सोसायटी, शाळा, दूधवाला, सगळं तिथेच. २०१६ पासून त्यात मेसेज सिग्नल या दुसऱ्या मेसेजिंग ॲपच्याच पद्धतीने एन्क्रिप्ट होतात, म्हणजे मध्ये कुणाला वाचता येत नाहीत, त्यामुळे मजकुराची मला फार काळजी नाही, पण मी कुणाशी, कधी, किती वेळा बोलते हे कंपनीला कळतंच. २०२१ च्या प्रायव्हसी पॉलिसीवरून स्पर्धा आयोगाने २०२४ मध्ये व्हॉट्सॲपच्या मालक कंपनीला, मेटाला, २१३ कोटींचा दंड केला तो उगाच नाही. सिग्नलला २०१६ मध्ये अमेरिकेतल्या कोर्टाकडून दोन फोन नंबरांची माहिती मागणारी नोटीस आली, त्यातल्या एकाचंच खातं होतं, तेव्हा त्यांच्याकडे द्यायला दोनच गोष्टी होत्या, खातं कधी उघडलं आणि शेवटचं कनेक्ट कधी झालं. नवऱ्याशी आणि दोन मैत्रिणींशी मी सिग्नलवर बोलते. बाकी जग यायचं तेव्हा येईल.

मॅप्सवर वाद घालत नाही, पुण्यात ट्रॅफिक बघायला गूगलच. पण राजगडला गुंजवणे बाजूने चढताना रेंज गेली तेव्हा पायवाट ऑर्गॅनिक मॅप्सनेच दाखवली, एवढं नोंदवून ठेवते.

तर सर, मूळ पोस्टमधलं ते ‘डोळे झाकून’वालं वाक्य काढलंय, तिथे ‘आधी परमिशन बघा’ असं लिहिलंय आणि खाली तुमच्या कमेंटचा उल्लेख केलाय. आणि तुम्ही शेवटी विचारलं होतं की प्ले स्टोअरवरचं ॲप एफ-ड्रॉइडवरून अपडेट करताना ‘इन्स्टॉल होत नाही’ का येतं, तर बहुतेक वेळा दोन्हीकडची सही वेगळी असते म्हणून. जुनं काढून नवं टाकावं लागतं आणि काढलं की आतला डेटा जातो. ओटीपीवालं ॲप असेल तर आधी एक्सपोर्ट करा, फाइल लॅपटॉपवर घ्या, ती उघडतेय ना बघा, आणि मगच जुनं काढा.