आतून न धुणं म्हणजे अस्वच्छता नव्हे

तुमची प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. ‘योनी आतून धुवायची नाही असं सांगून तुम्ही बायकांना अस्वच्छता शिकवताय. मी रोज सुगंधी वॉशने आतपर्यंत धुते, म्हणून वास येत नाही. आणि रोज पांढरं जातं ती घाण नाही तर काय?’ असं तुम्ही लिहिलंत.

आधी माझी चूक. बाहेरचा भाग आणि आतला योनीमार्ग यांतला फरक मी लेखात सांगायला हवा होता. बाहेरचा भाग रोज धुवावाच. कोमट पाणी पुरतं. साबण हवाच असेल तर बिनवासाचा, सौम्य, आणि फक्त बाहेर.

आत मात्र हात घालायची गरज नाही, यावर मी ठाम आहे. इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकामुळे योनीच्या अस्तरात ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा एक साठा, जमतो. त्यावर जगणारे लॅक्टोबॅसिलस जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात. त्यामुळे तिथला पीएच (आम्लतेचं माप; आकडा जितका कमी, तितकी आम्लता जास्त) साधारण ३.८ ते ४.५ राहतो आणि रोगजंतूंना तिथे सहज बस्तान मांडता येत नाही. डोडरलाइन या जर्मन डॉक्टरांनी या जिवाणूंचं वर्णन १८९२ मध्येच केलं होतं. साध्या साबणाचा पीएच ९ ते १० असतो. तो आत गेला की हे आम्ल मोडतं. सौम्य म्हणून विकले जाणारे वॉशही आत घालू नयेत, कारण नुसत्या धुण्यानेही हे जिवाणू वाहून जातात. आतून धुणाऱ्या स्त्रियांमध्ये बॅक्टेरियल व्हजायनोसिस, म्हणजे योनीतल्या जिवाणूंचा समतोल बिघडण्याचा आजार, जास्त आढळतो, हे अभ्यासांत वारंवार दिसलंय.

पांढरं जाणं ही घाण नव्हे, योनीची स्वतःची सफाई आहे. पाळीच्या मधल्या दिवसांत ते पारदर्शक, तार सुटणारं होतं, नंतर घट्ट होतं. किंचित आंबूस वासही नेहमीचाच. दह्याच्या कवड्यांसारखं जाणं आणि खाज, माशासारखा वास, हिरवट-पिवळा रंग, जळजळ, ओटीपोटात दुखणं यांतलं काही असेल तर मात्र तपासून घ्यायला हवं. पाळी कायमची थांबल्यावर रक्त दिसलं, तर एक दिवसही थांबू नका.

औषधही मनाने घेऊ नका, हे मी अनुभवाने सांगते. मी यीस्टचा, म्हणजे बुरशीचा संसर्ग समजून कितीतरी दिवस क्रीम लावत राहिले. तपासणीत बॅक्टेरियल व्हजायनोसिस निघाला. त्याला अँटिबायोटिक लागतं, बुरशीच्या क्रीमचा उपयोगच नव्हता. ते दिवस आठवले की आजही वाईट वाटतं, कारण लाजेने मी कुणाला विचारलंच नव्हतं.

तुमच्याबद्दल मला खरी काळजी वाटते ती ‘म्हणून वास येत नाही’ या शब्दांची. वॉश बंद केला की वास येतो का? येत असेल, तर सुगंधाखाली एखादा संसर्ग झाकला जात असू शकतो. वॉश आजच थांबवा. वास परतला तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, आणि जाण्याआधी निदान दोन दिवस आत काहीही घालू नका, म्हणजे नमुना नीट मिळेल. काय निघालं ते जमलं तर मला कळवा.