‘शोले’चे रामगड चंबळमध्ये कधीच नव्हते

१५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘शोले’ला २०२५ मध्ये पन्नास वर्षे पूर्ण झाली आणि त्या निमित्ताने एक जुनाच मजकूर नव्या जोमाने फिरू लागला. मला तो वेगवेगळ्या नातेवाइकांकडून किमान चार वेळा आला आहे आणि दर वेळी त्याला एखादे छायाचित्र अधिक चिकटलेले असते. त्यातील दावे थोडक्यात असे : हा चित्रपट चंबळच्या खोऱ्यात, दरोडेखोरांच्या मुलखात आणि त्यांच्या परवानगीने चित्रित झाला; रामगड हे मध्य प्रदेशातील खरे गाव आहे; गब्बरसिंग तिथलाच आणि त्याची कथा जशीच्या तशी पडद्यावर आली; रेल्वेवरच्या हल्ल्याचे दृश्यही तिथल्याच रुळांवर घेतले; आणि ठाकूरचा वाडा व वीरू चढला ती पाण्याची टाकी आजही तिथे पाहायला मिळते. यांतील एक दावा अर्धा खरा आहे. बाकीचे खोटे आहेत, आणि त्यांतील निदान पहिल्याचा खोटेपणा कळायला चित्रपट पुन्हा एकदा नीट पाहिला तरी पुरते.

प्रथम जागेविषयी. ‘शोले’चे बहुतेक बाह्यचित्रीकरण कर्नाटकात, बंगळूरहून म्हैसूरला जाताना सुमारे ५० किलोमीटरवर लागणाऱ्या रामनगर शहराजवळच्या खडकाळ टेकड्यांत झाले. तिथले पहिले दृश्य ३ ऑक्टोबर १९७३ रोजी घेतले गेले आणि त्यात अमिताभ बच्चन व जया भादुरी होते. या गोष्टी कधीच गुपित नव्हत्या. तरीही ज्यांना सांगोवांगीपेक्षा डोळ्यांवर अधिक विश्वास आहे, त्यांनी पडद्यावरची जमीन पाहावी. चंबळचे ‘बेहड’ म्हणजे नदीने आणि पावसाने कापून काढलेल्या मातीच्या घळी. गाळाच्या मातीचे उभे कडे, त्यांच्यामधून वळसे घेत गेलेल्या अरुंद वाटा, वर काटेरी झुडपे. तिथे माणूस लपतो तो जमिनीच्या पोटात. ‘शोले’मध्ये मात्र दरोडेखोर उघड्या कातळावर, हत्तीच्या पाठीसारख्या गुळगुळीत आणि अवाढव्य शिळांवर उभे असतात. हे खडक ग्रॅनाइटचे आहेत, त्यांचे वय सुमारे २५० कोटी वर्षांचे आहे आणि भूशास्त्रात त्यांना ‘क्लोजपेट ग्रॅनाइट’ म्हणतात, कारण रामनगरचे ब्रिटिश काळातील नाव क्लोजपेट होते.

गब्बरचा प्रवेश आठवा. त्याचा चेहरा दिसण्याआधी आपल्याला त्याचे बूट दिसतात आणि हातातला काडतुसांचा पट्टा खडकावरून फरफटत जाताना दिसतो; त्या पट्ट्याच्या करकर आवाजानेच पुढे विजू खोटे यांच्या कालियाची भीती आपल्यापर्यंत पोहोचते. आवाज नंतर ध्वनिमुद्रणात भरला असेल हे मान्य, पण पट्टा ज्यावरून ओढला जातो तो दगड खराच आहे. भिंड-मुरैनाच्या घळीत तोच पट्टा ओढला असता तर धूळ उडाली असती. बसंतीला काचांवर नाचायला लावले जाते ती जागाही कातळाचीच. इतक्या ठळक पुराव्यापुढे ‘चंबळ’ हा शब्द टिकतो तो केवळ आपल्याकडे दरोडेखोर म्हटले की चंबळ असे समीकरण पक्के बसले आहे म्हणून.

ते समीकरण हिंदी चित्रपटांनीच पक्के केले, आणि त्यातले काही चित्रपट खरोखर त्या खोऱ्यात घडले, हे इथे सांगायला हवे. सुनील दत्त यांच्या ‘मुझे जीने दो’ (१९६३) या चित्रपटाचे चित्रीकरण चंबळमध्ये पोलीस बंदोबस्तात झाले होते. पुढे ‘बँडिट क्वीन’ (१९९४) आणि ‘पानसिंग तोमर’ यांचे चित्रीकरण राजस्थानातील धौलपूरच्या बाजूने झाले. दरोडेखोरांच्या मुलखात जाऊन चित्रपट काढल्याची जी हकिगत ‘शोले’ला चिकटवली जाते, ती माझ्या मते ‘मुझे जीने दो’चीच असावी, नामवंत चित्रपटाकडे दुसऱ्यांच्या गोष्टी आपोआप वाहत येतात. दरोडेखोरांच्या ‘परवानगी’चा भाग तर अधिकच विनोदी आहे, कारण रामनगरच्या टेकड्यांत परवानगी मागायला दरोडेखोर नव्हतेच, आणि खुद्द चंबळमध्येही एप्रिल १९७२ मध्ये जयप्रकाश नारायण यांच्यापुढे अनेक टोळ्यांनी शस्त्रे ठेवली होती, म्हणजे ‘शोले’चा कॅमेरा सुरू होण्याच्या सुमारे दीड वर्ष आधी. दिग्दर्शक रमेश सिप्पी यांना दरोडेपटांत नेहमी दिसणाऱ्या मुलखापेक्षा वेगळी भूमी हवी होती. म्हणजे ज्या गोष्टीचे श्रेय हा मजकूर चित्रपटाला देतो, तीच त्यांनी जाणूनबुजून टाळली होती.

रामगड हे खरे गाव असल्याच्या दाव्याला दोन बाजू आहेत. रामगड नावाची गावे भारतात डझनांनी सापडतील, त्यामुळे नकाशावर त्यातले एखादे दाखवून ‘हेच ते’ म्हणणे अगदी सोपे आहे. पण पडद्यावर दिसणारे रामगड हे कलादिग्दर्शक राम येडेकर यांनी रामनगरच्या पायथ्याशी उभारलेले आख्खे गाव आहे. घरे, गल्ल्या, मंदिर, मशीद, ठाकूरचा वाडा हे सारे चित्रीकरणासाठी बांधले गेले, आणि तिथवर सामान व माणसे नेता यावीत म्हणून हमरस्त्यापासून सेटपर्यंत वेगळा रस्ताही काढावा लागला. येडेकरांचे काम इतके बेमालूम झाले की पन्नास वर्षांनंतरही लोक ते गाव खरे समजतात. कलादिग्दर्शकासाठी याहून मोठी पावती नसेल, पण त्या पावतीवर त्यांचे नावच नसावे हे मला खटकते.

उघड्या आभाळाखाली बांधलेल्या या गावाची किंमत कामाच्या दिवसांत मोजावी लागली. विधवा राधा संध्याकाळी वाड्याच्या सज्जात एकेक दिवा लावत किंवा मालवत जाते आणि खाली बसलेला जय माउथऑर्गन वाजवतो, ही दोन छोटी दृश्ये पुरी व्हायला २० दिवस लागले, कारण सूर्य मावळल्यानंतरचा नेमका प्रकाश दिवसातून काही मिनिटेच मिळतो आणि छायाचित्रकार द्वारका दिवेचा यांना तोच हवा होता. दोस्तीच्या गाण्याला २१ दिवस लागले. आयत्या गावात जाऊन, कॅमेरा लावून उरकलेले हे काम नव्हे.

अर्धा खरा दावा गब्बरचा आहे. गब्बरसिंग नावाचा दरोडेखोर भिंडच्या भागात खरोखर होता, १९५० च्या दशकात त्याची दहशत होती, पकडलेल्या लोकांची नाके कापण्यासाठी तो कुप्रसिद्ध होता आणि नोव्हेंबर १९५९ मध्ये पोलिसांशी झालेल्या चकमकीत तो मारला गेला. पटकथाकार सलीम खान यांचे वडील पोलीस खात्यात होते आणि त्यांच्या तोंडून ऐकलेल्या हकिगतींतून हे नाव चित्रपटात आले. पण नाव आले म्हणजे कथा आली असे होत नाही. हात तोडलेला ठाकूर, भाड्याने आणलेले दोन भुरटे चोर, होळीच्या दिवशीचा हल्ला यांतले काहीही त्या खऱ्या गब्बरच्या चरित्रात नाही. नावांवरून इतिहास काढायचा तर ठाकूर बलदेवसिंग हे नाव सलीम खान यांच्या जम्मूच्या सासऱ्यांचे होते, आणि जय व वीरू ही नावे त्यांच्या इंदूरच्या महाविद्यालयातील मित्रांची; मग कथा जम्मूची मानायची की इंदूरची?

रेल्वेच्या दृश्याचा मुद्दा मराठी वाचकाला अधिक जवळचा आहे, म्हणून त्यावर थोडे रेंगाळतो. ते दृश्य ना चंबळमध्ये घेतले ना रामनगरात. ते घेतले पनवेलजवळ, आणि त्याला सात आठवड्यांहून अधिक काळ लागला. यातही एक छोटी चूक सर्रास छापली जाते, ती अशी की हे चित्रीकरण मुंबई–पुणे रेल्वेमार्गावर पनवेलजवळ झाले. मुंबई–पुणे मुख्य मार्ग कल्याण, कर्जत आणि खंडाळ्यावरून जातो आणि त्या काळी पनवेल त्या मार्गावर नव्हतेच; पनवेलला गाडी येत होती ती १९६० च्या दशकात सुरू झालेल्या, दिवा स्थानकापासून निघणाऱ्या फाट्यावरून. शिवाय मुख्य मार्गाचे विद्युतीकरण १९३० च्या सुमारासच झाले होते. चित्रपटातील गाडीला कोळशाचे इंजिन आहे आणि मारामारी डब्यांच्या छतावर चालते. दीड हजार व्होल्टच्या तारांखाली छतावर कोणी उभे राहू शकत नाही, मग घोड्यावरून त्यावर उडी मारणे दूरच. तारा नसलेला, गाड्यांची वर्दळ कमी असलेला फाटा या कामाला सोयीचा होता, इतका तर्क रेल्वेची थोडी माहिती असलेला कोणीही करू शकेल. वीरू भट्टीत कोळसा ओतत राहतो आणि इंजिन रुळांवर रचलेले ओंडके फोडून पुढे जाते तो क्षण पुन्हा पाहा. मागची हिरवळ आणि झाडी रायगडाकडची वाटते, ग्वाल्हेरकडची नाही.

तुरुंगाचे तर याहून जवळचे. असरानींच्या जेलरचा तो तुरुंग मुंबईत, परळच्या राजकमल स्टुडिओजवळ उभारला होता, आणि तोही छताखाली न बांधता उघड्यावर, जेणेकरून तिथला सूर्यप्रकाश रामनगरच्या सूर्यप्रकाशाशी जुळावा. म्हणजे जय-वीरू तुरुंगातून बाहेर पडतात ते परळला आणि रामगडला पोहोचतात ते कर्नाटकात. आणि चित्रपटाच्या सुरुवातीला ठाकूर त्या दोघांची जी जुनी आठवण सांगतो ती पनवेलची. ही तीन ठिकाणे एकच सलग मुलूख वाटावीत इतकी घट्ट जोडली संकलक एम. एस. शिंदे यांनी, आणि ‘शोले’ला मिळालेला एकमेव फिल्मफेअर पुरस्कार त्यांच्या संकलनालाच मिळाला. चित्रपट एकाच खोऱ्यात घडला असे म्हणणाऱ्यांना त्यांची कात्री दिसली नाही, हे त्या कात्रीचे यशच म्हणायचे.

शेवटचा दावा वाड्याचा आणि टाकीचा, आणि तो मला सर्वांत उपद्रवी वाटतो, कारण त्याच्या भरवशावर लोक प्रवास करतात. चित्रीकरणानंतर सेट उतरवला गेला. वाडा नाही, टाकी नाही, मंदिर नाही. मजकुरासोबत फिरणारी वाड्याची छायाचित्रे कुठल्या तरी वेगळ्याच जुन्या इमारतींची असतात. मला आलेल्या चारांपैकी दोन छायाचित्रांत तर वाड्यांची बांधणीसुद्धा एकमेकांशी जुळत नाही. रामनगरच्या एका भागाला काही काळ ‘सिप्पीनगर’ म्हणत असत, एवढीच त्या गावाची खूण.

बंगळूरला नोकरी करणाऱ्या भाच्यासोबत मी रामदेवर बेट्टावर, म्हणजे रामनगरच्या त्याच टेकड्यांपैकी एकीवर, गेलो तेव्हा आमच्या पुढे एक कुटुंब चालले होते. त्यांच्यातील आजोबा प्रत्येक वळणावर ‘वाडा आता दिसेल’ म्हणत होते. पायऱ्या संपून वर रामाचे मंदिर आले, ते मंदिर अर्थातच चित्रपटाच्या फार आधीपासूनचे, आणि वाडा काही दिसला नाही. मी त्यांना सेटची गोष्ट सांगितली, तर ते म्हणाले, “म्हणजे पाडला म्हणा की!” मी म्हटले, “पाडला नाही हो काका, उचलून नेला.” ते खूप हिरमुसले आणि मग बराच वेळ समोरच्या कड्याकडे पाहत बसले. त्या कड्यावर वरून खाली ओघळल्यासारखे पांढरे पट्टे होते. आजोबांना ते सेटच्या चुन्याचे वाटले.

ते पट्टे गिधाडांच्या विष्ठेचे असतात. लांब चोचीची गिधाडे या कड्यांच्या कपारींत वर्षानुवर्षे घरटी करत आली आहेत आणि त्यांच्यासाठी २०१२ मध्ये रामदेवर बेट्टाचा सुमारे ३४६ हेक्टर परिसर गिधाड अभयारण्य म्हणून घोषित झाला. त्यामुळे कड्यासमोर उभे राहून गब्बरचे संवाद मोठ्याने म्हणण्याची जी हौस तिथे जाणाऱ्यांना असते, ती खालच्या रस्त्यावरच फेडून घ्यावी.