कमिशनचा तक्ता नंतर बघा, आधी गिऱ्हाईक कुठे अडतंय ते बघा

जळगाव-धुळ्याकडची बरीच पोरं हल्ली अफिलिएट मार्केटिंगच्या मागे लागली आहेत, म्हणजे साइटवर वस्तूबद्दल लिहायचं, खाली लिंक द्यायची आणि तिथून कोणी वस्तू घेतली की कमिशन घ्यायचं. लागू द्या, वाईट काहीच नाही. पण भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला: "भो, यामा कितला पैसा भेटस?" आणि लगेच दुसरा: सगळ्यात जास्त कमिशन कशावर आहे?

घोडं इथेच पेंड खातं. कमिशनचा तक्ता उघडून निश (लिहायचा ठरावीक विषय) ठरवायची म्हणजे शेजाऱ्याला गेल्या वर्षी भाव मिळाला म्हणून यंदा आपणही तेच पेरायचं. आपला माल निघेपर्यंत बाजार भरून वाहत असतो.

माझं म्हणणं एवढंच की निश तिथे असते जिथे माणूस पैसे खिशात घेऊन उभा आहे, पण एका प्रश्नाशी अडलाय, आणि त्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला दिल्ली-बंगळूरवाल्यापेक्षा बरं देता येतं. या तिन्ही गोष्टी जमल्या तरच पुढे जा.

मोबाईलचं घ्या. 'पंधरा हजारांच्या आतला चांगला फोन' यावर लिहायला मोठमोठ्या कंपन्या पगारी माणसं ठेवून बसल्यात. फोन त्यांच्या हातात बाजारात यायच्या आधी येतो. चोपड्यासारख्या गावात बसून तुम्ही त्यांच्यापेक्षा वेगळं काय सांगणार? त्यात मोबाईलवरचं कमिशन मुळातच चिमूटभर.

आता दुसऱ्या टोकाचं उदाहरण देतो: झटका मशीन, म्हणजे जनावरं शेतात येऊ नयेत म्हणून कुंपणाच्या तारेत विजेचा झटका सोडणारं यंत्र. मका, हरभरा, केळी, काहीही लावा, रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) रात्रीत वाट लावतात. शेतकऱ्याची मशीन घ्यायची तयारी असते, पण प्रश्न ढीगभर. पाच एकराला कोणती पुरेल? बॅटरी किती अँपिअरची? सोलर पॅनल सोबत येतं का? तार जीआय घ्यायची की क्लच वायर? आणि सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, "मे महिन्यात झटका का लागत नाही?" कारण साधं आहे. उन्हाळ्यात आपली काळी जमीन वाळून भेगाळते, अर्थिंगचा रॉड कोरड्या मातीत नुसता उभा राहतो, सर्किट पुरं होत नाही. रॉड खोल घाला, त्याच्याभोवती पाणी टाका, झटका परत येतो. हे ज्याने बांधावर उभं राहून पाहिलंय तोच लिहू शकतो. शिवाय मशीन कुंपणात क्षणभराचा झटका थांबून थांबून सोडते. थेट लाइटीची तार कुंपणाला जोडणं हा गुन्हा आहे, आणि त्याने माणसं मेली आहेत. हे ठळक लिहिणाऱ्या साइटवर वाचक विश्वास ठेवतो.

धंद्याच्या बाजूनेही बघा. मशीन घेणारा सोबत तार घेतो, इन्सुलेटर घेतो, कधी बॅटरीही घेतो. ॲमेझॉनवर लिंकवरून गेल्यावर साधारण २४ तासांत घेतलेल्या इतर पात्र वस्तूंवरही कमिशन मिळतं, टक्का मात्र वस्तूनुसार वेगळा. माल परत आला की कमिशनही परत गेलं, म्हणून चुकीची वस्तू गळ्यात मारून फायदा शून्य.

कूलरची निश मला आवडते, पण तिच्यात एक मेख आहे. भुसावळच्या उन्हाळ्यात कूलर सगळ्यांना लागतो, म्हणून पोरं उडी मारतात. पण आपल्याकडे कितीतरी लोक पत्र्याचा कूलर गावातल्याच दुकानातून बनवून घेतात. त्यातून तुम्हाला दमडी मिळत नाही. ऑनलाइन घेतला जातो तो प्लास्टिक बॉडीचा कूलर, नाहीतर पंप, फ्लोट, हनीकोंब पॅड असे सुटे भाग. आता हिशोब करा. कमिशन ५ टक्के धरलं तर ४०० रुपयांच्या पंपावर २० रुपये, ९,००० च्या कूलरवर ४५०. पंपाचं गिऱ्हाईक जास्त, पण खूपच जास्त लागेल. आणि जून उजाडला की सगळं थंड. कूलर घेणारच असाल तर पावसाळ्यात आणि थंडीत काय विकणार, ते आधीच ठरवून ठेवा.

खान्देशी रेसिपीची साइट काढणाऱ्यांची मला दया येते. भरीत, शेवभाजी, मांडे, वाचक धो धो येतो, कबूल. पण भरीत शोधणाऱ्याला वांगी हवी असतात, ती त्याला शनिवारच्या बाजारात मिळतात. लिंक कशाची देणार? मांड्याचं खापर ऑनलाइन मागवलं तर दारात ठिकऱ्याच यायच्या. वाचक आणि गिऱ्हाईक या दोन वेगळ्या जाती आहेत. रेसिपी टाकायचीच असेल तर जाहिरातींच्या पैशावर हिशोब मांडा, अफिलिएटच्या नाही.

कर्ज, डीमॅट, क्रेडिट कार्ड यांत एका गिऱ्हाइकामागे चांगली रक्कम मिळते, हे खरं. तरी बावीस वर्षांच्या पोराने तिथे जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. पैसा आणि आरोग्य या विषयांत गुगल लिहिणाऱ्याचा अनुभव आणि विश्वासार्हता जास्त कडकपणे बघतं. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनेही २०२४ मध्ये ब्रोकरांना नोंदणी नसलेल्या सल्लागारांशी साटंलोटं ठेवायला बंदी केली. आणि उद्या कोणाच्या काकाचे पैसे बुडाले तर गावात तोंड तुम्हालाच दाखवायचंय.

निश ठरवण्याआधी एक काम करा. त्या वस्तूच्या दुकानात दोन-चार दिवस गुमान बसा. कृषी सेवा केंद्र असो, कूलरवाला असो, ठिबकच्या सुट्या भागांचं दुकान असो. गिऱ्हाईक काय विचारतं ते त्याच्याच शब्दांत वहीत उतरवा. पानभर वेगवेगळे प्रश्न निघाले नाहीत तर ती निश सोडा. निघाले तर तेच तुमच्या लेखांचे मथळे, कारण गुगलच्या माईकवर तो शेतकरी हेच बोलतो.

डोमेन (साइटचं नाव) आणि होस्टिंग (साइट ठेवायची जागा) यांना त्यानंतर हात लावा. ॲमेझॉनचं अफिलिएट खातं तर लेख तयार झाल्यावरच उघडा, कारण पहिल्या १८० दिवसांत ३ विक्री झाल्या नाहीत तर ते बंद होतं. स्वतःच्या लिंकवरून स्वतःच घेतलेलं त्यात धरत नाहीत, भावाच्या नावाने ऑर्डर टाकायचा जुगाडही करू नका. आणि लेखाच्या सुरुवातीलाच 'या लिंकवरून घेतल्यास मला कमिशन मिळतं' हे मराठीत लिहा. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या सूचनांनुसार असे संबंध उघड करावे लागतात. लोकांना त्याचं काही वाटत नाही. आडत्या आडत घेतो हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत असतं.