चार गडी, एक दोर आणि होडीचं इंजिन

धरणावर मासे धरणाऱ्या पोरांच्या ग्रुपवरून निघालेला एक मेसेज फिरत फिरत परवा आमच्या शाळेच्या जुन्या ग्रुपवरही येऊन धडकला. मजकूर असा: ‘होडीचं इंजिन उतरवायला क्रेन नको, मेकॅनिक नको. इंजिन ७५ किलोचं, गडी चार, माणशी १९ किलोसुद्धा येत नाही. वरच्या कव्हरला दोर गुंडाळा, झाडाच्या फांदीवरून ओढा. होडी पाण्यातच राहू द्या. इंजिन बंद असल्यावर पेट्रोलचं भय नाही. टेम्पोत आडवं टाका, अर्ध्या तासात मोकळे.’ खाली अंगठ्यांची रांग.

नाशिकला सातपूरमध्ये माझं छोटं दुरुस्तीचं शेड आहे. पंप आणि जनरेटर हे रोजचं काम. मे उजाडला की गंगापूर, दारणा, मुकणे या धरणांवरची आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागच्या फळीला बाहेरून लावायची, इंजिनंही यायला लागतात. पाऊस धरायच्या आत सगळ्यांना ती परत हवी असतात. गोदावरीच्या पुराचं पाणी काठावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागल्यावर होडी दुरुस्तीला द्यायला कुणाला फुरसत? मेसेज लिहिणाऱ्याचा हेतू मला वाईट दिसत नाही, क्रेनवाल्याचं भाडं ऐकून कुणीही झाडाकडेच बघेल. पण त्याच्या सल्ल्याने मोडलेली इंजिनं माझ्याच दारात येतात, म्हणून बोलतो.

माणशी १९ किलो. भागाकार बरोबर आहे, पण इंजिन म्हणजे कांद्याची गोणी नव्हे. ४० एचपीचं टू-स्ट्रोक साधारण ७० किलोच्या आसपास, फोर-स्ट्रोक १०० किलोच्या घरात. त्यातला जड भाग सगळा वरच्या टोकाला, खाली नुसती दांडी आणि पंखा. होडीच्या मागच्या फळीशी धड उभे राहू शकतात दोघं. उरलेले दोघं ‘हां, हां, सांभाळून’ म्हणायला. इंजिन फळीला आवळून धरणारा क्लॅम्प सुटला की डोकं एका बाजूला कलंडतं आणि सगळा भार एकाच्या मनगटावर जातो, तोही हात लांब असताना, पाय चिखलात असताना. दोन-अडीच एचपीचं १५-१७ किलोचं इंजिन असेल तर एकट्याने खुशाल उचला, तिथे मेसेज चालतो.

कव्हरला दोर. हे वाचून मला घामच फुटला. कव्हर प्लास्टिकचं किंवा फायबरचं, एक-दोन खिट्ट्यांवर बसवलेलं. त्याचं काम पाणी आणि आवाज अडवण्याचं, वजन पेलण्याचं नाही. तीन वर्षांपूर्वी एका ठेकेदाराकडे मी हे डोळ्यांनी पाहिलंय. इंजिन हातभर वर आलं, ‘टक्’ असा आवाज झाला, आणि दोराच्या फासात नुसतं कव्हर राहिलं. इंजिन दगडावर. पंख्याखालचं पातं मुळापासून तुटलं. दोर धरणाऱ्या पोराचा पाय तिथून वीतभर लांब होता.

उचलायची जागा कंपनीने ठरवून दिलेली असते. कव्हर काढलं की कित्येक इंजिनांवर उचलायची कडी दिसते. काहींना फ्लायव्हीलवर, म्हणजे वरच्या जड चाकावर, आट्यांची कडी बसवावी लागते, आणि तिचे आटे पूर्ण बसले पाहिजेत, तीन-चार फेरे नव्हे. दोन बाजूंनी पट्टा घेणार असाल तर हुकापासून तो फार फाकवू नका. दोन पदरांतला कोन १२० अंशांचा झाला की प्रत्येक पदरावर अख्ख्या इंजिनाइतका ताण येतो. दोराला गाठ मारली की त्याची ताकद निम्म्यावरही येऊ शकते, हे वेगळंच.

फांदी. मोडायच्या आधी ती सांगत नाही. लोखंडी तिकाटणं आणि साखळी ओढून वजन उचलायचा चेन ब्लॉक भाड्याने मिळतो, विषय संपला.

होडी पाण्यातच. वजन सुटतं तशी होडीची मागची बाजू वर येते, होडी पुढे सरकते आणि इंजिन तिरकं ओढलं जातं. होडी काठावर किंवा ट्रॉलीवर घ्या, चाकांना दगड लावा. क्लॅम्प ढिला करण्याआधी इंजिन आणि होडी यांना जोडणारा एक जादा दोर बांधा. निसटलंच तर धरणात तरी जायचं नाही. आणि गंगापूरचं पाणी म्हणजे आपल्याच नळाचं पाणी, त्यात ऑइल सांडलेलं कुणाला आवडेल?

पेट्रोलचं भय नाही म्हणे! टाकी काढली तरी नळीत, फिल्टरमध्ये, कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल राहतंच. त्याची वाफ हवेपेक्षा जड, म्हणून ती होडीच्या तळाशी साचून बसते. एक बिडी पुरते. वाटीच्या तळाचा स्क्रू सोडून पेट्रोल डब्यात घ्या. सेल्फ-स्टार्ट असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा. नळी काढून इंजिन चालू ठेवायचं, पेट्रोल आपोआप संपेल, असं सांगणारेही भेटतात. पाण्याबाहेर तसं केलंत तर पाणी खेचणारं रबरी चक्र कोरडं फिरून जळतं, मग त्याचेही पैसे माझ्याकडेच भरायचे.

आडवं टाका. आधी उभं धरून आतलं पाणी गळू द्या. डोकं पंख्यापेक्षा खाली गेलं तर ते पाणी एग्झॉस्टमधून सिलिंडरकडे उतरतं. फोर-स्ट्रोकमध्ये ऑइलचाही प्रश्न आहे. त्याला ठरलेल्या बाजूवरच निजवायचं असतं. ती बाजू मॅन्युअलमध्ये असते, बऱ्याच इंजिनांवर खूणही असते. चुकीच्या कुशीवर सातपूरपर्यंत खडखडत आलेलं इंजिन मी चालू करतो तेव्हा आधी जळक्या ऑइलचा निळा धूर निघतो, मग मालकाचा चेहरा पडतो. शक्य असेल तर लाकडी घोडीवर उभंच आणा.

राहिला अर्धा तास. गेल्या शनिवारी आम्ही एक ४० एचपी उतरवलं. केबल, नळी, पेट्रोल काढणं, जाम झालेले दोन बोल्ट, सगळं धरून पावणेदोन तास. साखळी ओढायला लागली सहा मिनिटं.