धूर फुफ्फुसांतच थांबतो म्हणे!

थंडी पडली, सकाळी धुरकं दिसायला लागलं की घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड हमखास येतो. शब्द थोडेफार बदलतात, मुद्दे तेच असतात. प्रदूषित हवा हा फुफ्फुसांचा विषय, हृदयाचा नाही. अटॅक आणि लकवा येतो तो तेल, ताण आणि बैठ्या कामामुळे. संशोधकांनी नुसते आकडे जुळवलेत. आजीनं जन्मभर चुलीवर स्वयंपाक केला, तिला काय झालं? एक्यूआय, म्हणजे हवेच्या प्रदूषणाचा निर्देशांक, शंभरच्या आत असला की निर्धास्त फिरा. आणि तरीही धास्ती वाटत असेल तर रोज गुळाचा खडा खा, हॉलमध्ये दोन झाडं ठेवा.

यातला एक मुद्दा अर्धा खरा आहे. बाकीच्यांचं काय, ते एकेक करून बघू.

"प्रदूषण हा फुफ्फुसांचा विषय"

जागतिक आरोग्य संघटनेचा २०१९ सालचा हिशोब असा आहे: बाहेरच्या हवेच्या प्रदूषणामुळे होणाऱ्या अकाली मृत्यूंपैकी ६८ टक्के हृदयविकार आणि मेंदूच्या झटक्यामुळे, म्हणजे लकव्यामुळे, होतात. दम्यासारखा दिसणारा सीओपीडी १४ टक्के, न्यूमोनियासारखे श्वसनसंसर्ग १४ टक्के, फुफ्फुसाचा कर्करोग ४ टक्के. म्हणजे दर तीन मृत्यूंमागे दोन रक्तवाहिन्यांच्या खात्यावर. खोकला ऐकू येतो म्हणून तो लक्षात राहतो. धमनीत चाललेलं काही ऐकू येत नाही.

धूर तिथवर पोचतो कसा? माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण. केसाच्या जाडीत असे अठ्ठावीस कण शेजारी शेजारी मावतील. नाकातले केस आणि घशातला चिकट पदार्थ मोठी धूळ अडवतात, हे कण मात्र वायुकोशांपर्यंत उतरतात. तिथून पुढे तीन वाटा आहेत. एक, फुफ्फुसात दाह होतो आणि दाहाची रसायनं रक्तात उतरून रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडवतात, रक्त गोठण्याकडे झुकतं. दोन, वायुमार्गातल्या नसा चाळवल्या जातात, धमन्या आवळतात, बीपी चढतं. यासाठी वर्षं लागत नाहीत, तास पुरतात. तीन, ०.१ मायक्रॉनहून बारीक कणांपैकी काही सरळ रक्तातच शिरतात.

तिसऱ्या वाटेवर पूर्वी बराच वाद होता. एडिंबराच्या संशोधकांनी २०१७ साली तो सोनं वापरून पुष्कळसा मिटवला. सोनं अशासाठी, की ते शरीरात एरवी जवळजवळ नसतं, सहसा कशाशी अभिक्रिया करत नाही आणि अगदी सूक्ष्म प्रमाणातही मोजता येतं. १४ निरोगी माणसांनी सोन्याचे अतिसूक्ष्म कण असलेल्या हवेत श्वास घेतला. चोवीस तासांच्या आत ते सोनं रक्तात आणि लघवीत सापडलं, आणि तीन महिन्यांनंतरही शरीरात होतं. कण जितका बारीक तितका जास्त आत गेला. मग मानेतल्या धमनीतला चरबीचा थर काढण्याची शस्त्रक्रिया ठरलेल्या काही रुग्णांना शस्त्रक्रियेआधी हीच हवा दिली. काढलेल्या थरात सोनं होतं. याच थराचा तुकडा सुटून मेंदूकडे गेला की लकवा होतो.

"नुसते आकडे जुळवलेत"

सुरुवात आकड्यांनी झाली, हे खरं. १९९३ साली अमेरिकेतल्या सहा शहरांचा अभ्यास छापून आला. ८,१११ प्रौढांचा १४ ते १६ वर्षं पाठपुरावा केला होता. सगळ्यात प्रदूषित स्टुबेनव्हिलमध्ये मृत्यूचं प्रमाण सगळ्यात स्वच्छ पोर्टेजपेक्षा २६ टक्के जास्त निघालं, तेही वय, सिगारेट, वजन, शिक्षण यांचा फरक वजा करून. तेवढ्यावर थांबले असते तर फॉरवर्डवाल्यांची शंका रास्त ठरली असती.

पण नंतर प्रयोग झाले. २००७ मधला एक बारकाईनं बघण्यासारखा आहे. आधी अटॅक येऊन गेलेले, पण आता प्रकृती स्थिर असलेले २० पुरुष. एका बंद खोलीत प्रत्येकानं तासभर, अधूनमधून सायकल मारत, एकदा गाळलेली स्वच्छ हवा घेतली आणि एकदा पातळ केलेला डिझेलचा धूर, घनमीटरला ३०० मायक्रोग्रॅम. हिवाळ्यातल्या गर्दीच्या रस्त्यावर हा आकडा अशक्य नाही. आज कोणती हवा आहे हे त्यांना माहीत नव्हतं. धुराच्या दिवशी सायकल मारताना ईसीजीतली एसटी रेषा जास्त खाली गेली. हृदयाला रक्त कमी पडतंय याची ती खूण. माणूस तोच, व्यायाम तेवढाच, बदलली ती फक्त हवा.

दुसरी नोंद त्याहून बोलकी. आपल्या रक्तवाहिन्यांचं अस्तर गुठळी विरघळवणारं एक द्रव्य सोडतं, टी-पीए. धुरानंतर ते ३५ टक्के कमी सुटलं. गुठळीमुळे लकवा झालेल्या माणसाला साडेचार तासांच्या आत दवाखान्यात आणा असं डॉक्टर सांगतात, ते जे इंजेक्शन देण्यासाठी, ते हेच द्रव्य, कारखान्यात बनवलेलं. म्हणजे जे औषध शरीर स्वतः तयार करतं, त्याचाच पुरवठा धूर तोडतो.

उलट्या बाजूनंही तपासून झालंय. बीजिंगमध्ये हृदयविकाराच्या ९८ रुग्णांना शहरात दोन तास चालायला लावलं, एकदा चांगल्या गाळणीचा मास्क लावून, एकदा मास्कशिवाय. मास्कच्या दिवशी ईसीजीतला बिघाड कमी होता आणि सरासरी रक्तदाब (वरचं आणि खालचं बीपी मिळून काढलेला) ९६ ऐवजी ९३. डेट्रॉइटमध्ये ४० वृद्धांच्या घरी तीन-तीन दिवस एअर प्युरिफायर लावला, कधी खरी गाळणी घालून, कधी गाळणीशिवाय नुसता पंखा. गाळणी असताना वरचं बीपी सरासरी ३ अंकांनी उतरलं. मिठावर ताबा ठेवून जेवढं उतरतं, त्याच्या आसपास.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूच्या लोकांनीही सोडून द्यायला हवी. १९९० मध्ये डब्लिननं धुराच्या कोळशाच्या विक्रीवर बंदी घातली आणि हृदयविकाराचे मृत्यू १० टक्के घटले, हे उदाहरण अजून भाषणांत येतं. त्यावर पुन्हा, जास्त काटेकोर काम झालं तेव्हा दिसलं की ते मृत्यू आयर्लंडभर तसेही घटत होते. श्वसनाच्या मृत्यूंमधली घट टिकली, हृदयाची टिकली नाही. आपल्याकडे भक्कम पुरावे असताना लंगडा कशाला पुढे करायचा?

"तेल, ताण, बैठं काम हीच खरी कारणं"

हाच तो अर्धा खरा मुद्दा. बीपी हे मेंदूच्या झटक्याचं पहिल्या क्रमांकाचं कारण आहे आणि राहील. चूक आहे ती "हीच" या शब्दात.

'जागतिक आजारभार' या जगभरच्या अभ्यासाच्या २०२१ च्या हिशोबात मेंदूच्या झटक्याच्या ओझ्यातला, म्हणजे त्यानं येणाऱ्या मृत्यू आणि अपंगत्वातला, वाटा असा: चढलेलं बीपी ५६.८ टक्के, बाहेरच्या हवेतले सूक्ष्म कण १६.६, धूम्रपान १३.८, वाईट कोलेस्टेरॉल १३.१, घरातला धूर ११.२. बेरीज करा. १११.५ येते, आणि यादी अजून संपलेलीही नाही. छपाईची चूक नव्हे. एकाच झटक्यामागे दोन-तीन कारणं असतात, म्हणून तो दोन-तीन खात्यांवर मोजला जातो. शिवाय खाती एकमेकांत मिसळलेली आहेत: सूक्ष्म कण बीपी वाढवतात आणि बीपी झटका आणतं. "९० टक्के झटके सवयींमुळे, मग हवेला उरले १० टक्के" हे गणित इथेच फसतं.

एका माणसाच्या दृष्टीनं बघितलं तर सिगारेट सोडणं हे हवेची चिंता करण्यापेक्षा कितीतरी मोठं काम आहे. पण सिगारेट काही जण ओढतात, हवा सगळेच घेतात. छोटा धोका कोट्यवधींना लागू झाला की मोठा आकडा होतो.

"आजीला काय झालं?"

आजी टिकली म्हणून तिचं उदाहरण देता येतं. जी पन्नाशीत गेली तिचं उदाहरण द्यायला घरात कुणी उरलेलंही नसतं. आणि शेजारच्या वाड्यातल्या काकूंच्या "अंगावरून वारं गेलं" तेव्हा ते कुणी चुलीच्या खात्यावर टाकलं नव्हतं. वारं गेलं, एवढंच. गोवऱ्या आणि ओली लाकडं फुंकणीनं पेटवताना बंद स्वयंपाकघरातले कण घनमीटरला हजार मायक्रोग्रॅमच्या घरात जाऊ शकतात. घरातल्या धुरामुळे २०२० साली जगात ३२ लाख मृत्यू झाले असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यातले निम्म्याहून जास्त हृदय आणि मेंदूचे.

इथेही दुसरी बाजू सांगायला हवी. भारतासह चार देशांत (आपल्याकडे तमिळनाडूत) गरोदर बायकांना मोफत गॅस देऊन मोठी चाचणी झाली. धूर बराच घटला, पण बाळांचं जन्मवजन वाढलं नाही, न्यूमोनियाही घटला नाही. हृदयविकाराचे झटके त्या चाचणीत मोजलेले नव्हते. तरी "गॅस आला की सगळं सुटलं" असं म्हणणाऱ्यांनी जपून बोलावं.

"एक्यूआय शंभरच्या आत म्हणजे सुरक्षित"

आपल्या एक्यूआयमध्ये १०० हा आकडा येतो तो पीएम २.५ ची चोवीस तासांची सरासरी ६० मायक्रोग्रॅम असते तेव्हा. ६० ही आपली २००९ ची राष्ट्रीय मर्यादा. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मर्यादा १५. म्हणजे ॲपवर "समाधानकारक" दिसणारा हिरवा रंग चौपट कणांचाही असू शकतो. वर्षभराच्या सरासरीला आपल्याकडे ४० चालतात, तिकडची शिफारस ५.

आणि शरीर मर्यादेची पाटी वाचत नाही. धोक्याची रेषा सुरुवातीलाच चढी असते, पुढे सपाट होत जाते. मुंबई, पुण्यासह देशातल्या दहा शहरांमधल्या २००८ ते २०१९ च्या ३६ लाख मृत्यूंचा अभ्यास २०२४ मध्ये आला. दोन दिवसांच्या सरासरीत पीएम २.५ दहा मायक्रोग्रॅमनं वाढलं की मृत्यू १.४ टक्क्यांनी वाढतात, असं त्यात दिसलं. हे सगळ्या कारणांचे मृत्यू, नुसते हृदयाचे नव्हेत. रोज सरासरी १०० मृत्यू होणाऱ्या शहरात ३० मायक्रोग्रॅम वाढले तर चार जास्त. बातमी होत नाही, कारण ते चार कोणते हे कुणालाच सांगता येत नाही.

गूळ आणि झाडं

गुळाच्या मुद्द्याला खरोखर एक शोधनिबंध आहे: लखनौ, १९९४, उंदरांवर. श्वासनलिकेत कोळशाची धूळ सोडलेल्या उंदरांना दिवसाला अर्धा ग्रॅम गूळ दिला, तेव्हा फुफ्फुसातली धूळ जास्त निघून गेली. उंदीर दोनशे ग्रॅमचा धरला तर साठ किलोच्या माणसाला त्या हिशोबानं दिवसाला दीडशे ग्रॅम गूळ लागेल. मधुमेह असलेल्यानं हा प्रयोग करून बघू नये. हृदयाचं तर त्यात नावही नाही.

झाडांचा दावा १९८९ च्या नासाच्या प्रयोगातून आला. तो हवाबंद पेटीतला होता आणि वायूंबद्दल होता, कणांबद्दल नव्हे. नेहमीच्या घरात तेवढा परिणाम हवा असेल तर दर चौरस मीटरला किमान दहा कुंड्या लागतील. झाडं ठेवा, छान दिसतात.

मग करायचं काय

चालणं बंद करू नका. केंब्रिजच्या एका गणिती अभ्यासानुसार पीएम २.५ कायम १०० असलेल्या शहरातही चालण्याचा फायदा तोट्यापेक्षा मोठाच राहतो, रोज दहा तास चाललात तरच पारडं फिरतं. सायकलला ही मर्यादा दीड तास. बदलायची ती वेळ. हिवाळ्यात रात्री जमिनीजवळच्या थंड हवेवर उबदार हवेचं झाकण बसतं आणि धूर त्याखाली अडकतो, म्हणून पहाटे पाचची "शुद्ध हवा" बहुधा दिवसातल्या वाईट हवेपैकी असते. ऊन पडून झाकण उचललं की निघा, हमरस्ता सोडून आतल्या गल्लीनं. ॲपमध्ये चोवीस तासांचा एक्यूआय न बघता जवळच्या केंद्राचा तासाचा पीएम २.५ बघा. हृदयविकार असेल आणि तो आकडा १२० च्या वर असेल तर त्या दिवशी घरातच येरझाऱ्या घाला.

रुमाल आणि कापडी मास्क या कणांना नीट अडवत नाहीत. एन-९५ अडवतो, पण कडेनं हवा शिरली नाही तरच. लावल्यावर जोरात श्वास सोडा. चष्म्यावर वाफ आली तर नाकाची पट्टी दाबा. दाढीवर तो बसतच नाही.

प्युरिफायर घेताना खोलीचं घनफळ काढा. १२ बाय १० ची, ९ फूट उंचीची खोली म्हणजे साधारण ३० घनमीटर. तासाला पाच वेळा हवा गाळायची तर सीएडीआर (यंत्र तासाला किती घनमीटर हवा स्वच्छ करतं तो आकडा) १५० हवा, आणि तोही ज्या वेगावर तुम्ही रात्री तो चालवणार त्या वेगावर. खोक्यावरचा आकडा सगळ्यात मोठ्या, कानठळ्या बसवणाऱ्या वेगाचा असतो. "स्लीप" वर टाकला की निम्म्याहून कमी राहतो. हेपा गाळणी धुवायची नसते, बदलायची असते. ओझोन सोडणारी यंत्रं घेऊच नका.

आणि प्युरिफायर लावायच्या आधी खाटेखालची डासांची कॉइल उचला. एक कॉइल जळताना जेवढे सूक्ष्म कण सोडते, तेवढे सोडायला ७५ ते १३७ सिगारेटी जाळाव्या लागतात. मच्छरदाणी लावली तर एकही कॉइल लागत नाही.