बंपर बघायला माणूस येतो, मोडलेला पाय बघायला कोणी येत नाही

खंबाटकीचा बोगदा ओलांडून पुण्याकडे येताना ते कुप्रसिद्ध एस वळण लागतं. तिथे मागून आलेल्या ट्रकने माझ्या धाकट्या भावाची गाडी कठड्यावर नेऊन आदळली. नडगीचं हाड दोन ठिकाणी मोडलं, आत रॉड घालावा लागला. अपघाताबद्दल एवढंच. माझं डोकं फिरलंय ते त्यानंतर जे चाललंय त्याने.

गाडीच्या विम्याचा क्लेम टाकला तर दुसऱ्याच दिवशी नुकसान तपासणारा सर्व्हेअर गॅरेजमध्ये हजर. बंपर, बॉनेट, हेडलाइट, चेसिस नंबर, सगळ्याचे फोटो. मागच्या दारावरचा ओरखडा जुना आहे का नवा, हेसुद्धा त्याने बोट फिरवून पाहिलं. आणि भावाच्या पायासाठी? आजतागायत एक माणूस फिरकलेला नाही. तो पाय मोडला हे आम्हीच सांगायचं, आम्हीच सिद्ध करायचं, त्याची किंमतही आम्हीच मागायची.

नियम नाहीत म्हणून हे होतंय, असं कोणी समजू नका. एप्रिल 2022 पासून नियम लागू आहेत. पोलिसांनी 48 तासांत प्राथमिक अपघात अहवाल द्यायचा, 90 दिवसांत सविस्तर अहवाल दावा न्यायाधिकरणापुढे, म्हणजे अपघाताच्या भरपाईचे दावे चालवणाऱ्या कोर्टापुढे ठेवायचा. आम्ही पोलीस ठाण्यात गेलो की उत्तर ठरलेलं: ‘ताई, साहेब बंदोबस्ताला गेलेत, सोमवारी या.’ ट्रकचा विमा कोणत्या कंपनीचा आहे, ही एक ओळ मिळवायला कुबड्या घेतलेला माणूस ठाण्याच्या पायऱ्या चढला! त्यांचे 90 दिवस उलटून गेले तर कोणी विचारत नाही. पण मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीने जखमीला दावा दाखल करायला सहा महिन्यांची मुदत घातली. जो अंथरुणातून उठू शकत नाही, त्याच्याच मागे घड्याळ लावलं. केवळ मुदतीच्या कारणावरून दावे फेटाळू नका, असं सुप्रीम कोर्टाला अंतरिम आदेशात सांगावं लागलं, यावरूनच काय ते समजा.

दवाखान्यातही तेच. अपघातग्रस्ताला पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचार, ही केंद्राची योजना मे 2025 मध्ये अधिसूचित झाली. काउंटरवर विचारलं तर ‘ते आमच्याकडे नाही, आधी डिपॉझिट भरा.’ भाऊ आत वेदनेने ओरडतोय आणि बाहेर मी नातेवाइकांना फोन लावून पैसे गोळा करतेय. तेवढ्यात बाकावर शेजारी एक अनोळखी माणूस येऊन बसला. ‘केस आमच्या वकिलाकडे द्या, आत्ता काही नको, निकालानंतर टक्के बघू.’ भावाला ऑपरेशनला नेलंसुद्धा नव्हतं हो तेव्हा! याला ही खबर दिली कोणी?

मेडिक्लेमने हातमोजे, सिरिंज, ड्रेसिंगचं सामान असलं सगळं बिलातून कापलं. ते एक वेळ सोडून देते.

पण अपंगत्वाचं सोडणार नाही. सिव्हिल हॉस्पिटलच्या दाखल्यावर पायाचं अपंगत्व 30 टक्के आलं. ट्रकच्या विमा कंपनीचं म्हणणं, हे एका पायापुरतं आहे, पूर्ण शरीराचं धरलं तर फार कमी, आणि कमाईवर तर परिणामच नाही. माझा भाऊ एसी दुरुस्त करतो. चौथ्या मजल्याच्या खिडकीबाहेर, लोखंडी अँगलवर एक पाय टेकवून आउटडोअर युनिट खोलतो. गुडघा पुरता वाकत नाही, त्याने आता ते कसं करायचं? सुप्रीम कोर्टाने 2010 मध्येच राजकुमार विरुद्ध अजयकुमार प्रकरणात सांगितलंय, की शरीराचे टक्के आणि कमाईच्या नुकसानीचे टक्के वेगळे, माणूस काम काय करतो ते बघा. डावा हात गेला तर ड्रायव्हरचं किंवा सुताराचं पोटच जातं, कारकुनाची नोकरी टिकू शकते, हे उदाहरण त्या निकालातच आहे. कंपनीच्या वकिलांनी हा निकाल वाचलेला नाही, यावर मी विश्वास ठेवायचा?

वर म्हणतात, उत्पन्नाचा पुरावा आणा. सॅलरी स्लिप नाही, रिटर्न भरलेलं नाही. गिऱ्हाईक रोख देतं नाहीतर क्यूआर कोडवर पाठवतं. म्हणून बँकेचं स्टेटमेंट काढून एकेका जमेपुढे गिऱ्हाइकाचं नाव आणि कामाची तारीख लिहीत बसलोय आम्ही दोघं.

आणि आता तडजोडीचे फोन सुरू झालेत. ‘कशाला वर्षानुवर्षं कोर्टात खेटे घालताय, जे मिळतंय ते घेऊन टाका.’ जी रक्कम सांगतात त्यात ऑपरेशनचा खर्चसुद्धा निघत नाही, आणि पुढे रॉड काढायचं ऑपरेशन करावं लागलं तर त्याचा तर त्यात विचारच नाही. नातेवाईकही तेच सांगतात, जीव वाचला ना, मग सोडा. का सोडायचं? ट्रकवाल्याने विम्याचा हप्ता भरलाय तो अशाच वेळेसाठी. थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई देणारा विमा, कायद्याने सक्तीचा केलाय तो अशाच पायासाठी. पुढच्या तारखेला भावाची उलटतपासणी आहे, आणि आम्ही तडजोडीवर सही करणार नाही.